आम्ही पाडलेला उजेड

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात आहे. म्हणजे लोकांच्या खर्चावर लाल पेनने रेघा मारण्याचा मला पगार मिळतो. कोणी टेम्पोसाठी अर्ज केला आणि कोटेशनात हळूच म्युझिक सिस्टिम घुसवली, तर ती मला दोन टेबलं पलीकडून दिसते. पिठाच्या गिरणीवाल्याने गरजेपेक्षा मोठी मोटर लिहिली, तर "एवढं दळण आणणार कुठून?" असं मी विचारतो आणि समोरचा माणूस टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचायला लागतो. असा माणूस स्वतःसाठी पन्नास हजारांत गेमिंग कॉम्प्युटर जुळवायला निघाला, तर तो काय काय करू शकतो याची ही फाइल आहे.

या वयात गेमिंग कशाला, हा प्रश्न घरात निरनिराळ्या स्वरांत विचारून झालेला आहे. माझं म्हणणं एवढंच, की माझी एक जुनी येणेबाकी आहे. नव्वदच्या दशकात डोंबिवलीत कॉम्प्युटर क्लासला जायचो, तेव्हा डॉस आणि लोटसच्या प्रॅक्टिकलच्या नावाखाली आम्ही 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचो. १९८९ सालचा खेळ. राजकन्येला सोडवायला त्यात राजपुत्राला बरोबर साठ मिनिटं मिळतात. आमचं प्रॅक्टिकलही साठ मिनिटांचंच, आणि त्यातला बराच वेळ सर मागे उभे आहेत का हे बघण्यात जायचा. राजकन्या सुटायच्या आत पुढची बॅच दारात हजर. ती बिचारी माझ्या नावावर अजून कैदेत आहे.

पन्नास हजार हा आकडा हिने मंजूर केला. एकरकमी. वाढ नाही, तारण नाही, आणि "हप्त्याने घेतो" हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत.

तांत्रिक सल्लागार म्हणून भाच्याला गाठलं. ओंकार पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. रेडिमेड मशीन घेऊ नका, पार्ट घेऊन असेंबल करा, तेवढ्याच पैशात चांगलं येतं, असं सांगून त्याने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. प्रोसेसर आय-३ १२१००एफ, एच६१० मदरबोर्ड, आठ-आठच्या दोन स्टिक मिळून १६ जीबी रॅम, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई, ५५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, पुढून जाळी असलेला साधा कॅबिनेट. बेरीज ४९ हजारांच्या आसपास. त्यातले वीसेक हजार एकट्या ग्राफिक कार्डाचे. मॉनिटर माझा जुनाच चालणार होता. खाली लिहिलं होतं, "मामा, यातलं एक अक्षरही बदलू नका."

प्रस्ताव शिफारसयोग्य होता. पण यादी खिशात घालून जायचं आणि पिशवी भरून यायचं, तर मग किराणा आणण्यात आणि यात फरक काय? माझं कर्तृत्व कुठे? तेव्हा मी अभ्यासाला बसलो.

हा अभ्यास रात्री अकरानंतर करायचा असतो. यूट्यूबवर जगभरची मुलं एकेक पार्ट हातात धरून आलेख दाखवत असतात. निळी पट्टी, लाल पट्टी, अमुक प्रोसेसरवर सेकंदाला ११२ फ्रेम, तमुकवर ११८. आठवड्याभरात मला त्या सहा फ्रेमांच्या फरकाने झोप लागेनाशी झाली. वास्तविक माझा मॉनिटर सेकंदाला साठच्या वर चित्रं दाखवूच शकत नाही; म्हणजे ११२ काय नि ११८ काय, मला दिसणार साठच. हे मला माहीत होतं. व्हिडिओत तेही सांगतात. पण समोरच्या स्थळाची जमीन किती, बागायत किती, हे माहीत असूनही मुलाचं 'पॅकेज' विचारणारे लोक असतातच ना.

ऑफिसात डबा खाताना मी 'बॉटलनेक' समजावून सांगू लागलो. प्रोसेसर हिशेब करून देतो, ग्राफिक कार्ड त्याचं चित्र काढतं. दोघांत जो मंद, त्याच्यासाठी दुसरा थांबून राहतो. "म्हणजे आपल्या शाखेत पासिंग ऑफिसर," असं आमचे कॅशिअर म्हणाले. त्यांना लगेच कळलं. पण मला पुढेही बोलायचं होतं. सॉकेट, व्हीआरएम, कॅश, जेन-थ्री आणि जेन-फोर. काही दिवसांनी मंडळी डबे घेऊन वेगळ्या वेळी जेवायला लागली.

बदलाला सुरुवात प्रोसेसरपासून झाली. आय-३ला चार कोअर, आय-५ १२४००ला सहा. गेम खेळायला चार पुरतात, ओंकारने स्पष्ट लिहिलं होतं. पण 'आय-३' हे नाव सांगायला कसंसंच वाटतं. थोडे पैसे वाढवले तर पाच वर्षं बघायला नको, हे वाक्य मी मनात म्हटलं. हेच वाक्य कर्जदार माझ्यासमोर म्हणतात तेव्हा मी त्यांची फाइल दोन दिवस बाजूला ठेवतो.

आय-५ आला, मग त्याला एच६१०चा बोर्ड शोभेना. त्याची वीज पुरवणारी बाजू कमकुवत असते असं कुठेतरी ऐकलं होतं. आय-५ १२४०० हा ६५ वॉटचा, अत्यंत गुणी प्रोसेसर आहे. बहुतेक साध्या बोर्डांवर तो निमूट चालतो. तरी बी६६० घेतला. बी६६०ला रॅमचे चार स्लॉट. आठ-आठच्या दोन स्टिक घातल्या की दोन रिकामे दिसणार, आणि कॅबिनेटला तर काच. कोण बघणार होतं माझ्या काचेतून? पण रॅम ३२ जीबी केली. कॅबिनेटही मग काचेचा, चार आरजीबी पंख्यांचा, १ कोटी ६७ लाख रंगांचा. आणि एवढा डामडौल उभा करायचा तर पॉवर सप्लाय ५५० वॉटचा कसा पुरेल? ७५० घेतला, तोही गोल्ड. गोल्ड म्हणजे त्यात सोनं नसतं, भिंतीतून घेतलेल्या विजेतली थोडी कमी वाया जाते, इतकंच. आणि ओंकारच्या यादीतलं ग्राफिक कार्ड १३२ वॉटचं. सगळं यंत्र पूर्ण जोरात पळालं तरी ३०० वॉटला जेमतेम टेकलं असतं. एवढं दळण मी आणणार कुठून, हे विचारायला त्या रात्री टेबलापलीकडे कोणी नव्हतं.

बेरीज केली. ग्राफिक कार्ड धरून सत्तर हजार.

इथे माझा बँकेतला अनुभव धावून आला. घरबांधणीचं कर्ज आपण एकदम देत नाही. आधी जोतं, मग स्लॅब, मग प्लास्टर. टप्प्याटप्प्याने उचल. त्याच न्यायाने ग्राफिक कार्ड दिवाळीच्या बोनसवर ढकललं. तोवर चित्राची सोय? तीही बघून ठेवली होती. १२४००च्या पोटातच इंटेलचं यूएचडी ७३० नावाचं छोटं ग्राफिक्स असतं. त्यावर जुने खेळ चालतात, निदान स्क्रीनवर चित्र तर येतं. ग्राफिक कार्ड वजा जाता बेरीज आली ४९,५००. बजेटच्या आत! गेमिंग कॉम्प्युटरच्या यादीत खेळाशी थेट संबंध असलेली वस्तू एकच असते, ती वगळून मी काटकसर साधली होती. ओंकारला हे कळवलं नाही. परीक्षा चालू होती त्याची. उगाच विचलित कशाला करा.

लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता आणि तो गेल्याला शंभरावर वर्षं झाली, पण ग्रँट रोड स्टेशनाबाहेर नव्या नावाने पत्ता विचारला तर लोक तुम्हाला दवाखाना हवाय असं समजतात. 'शोले' पाच वर्षं ज्या मिनर्व्हात चालला, ते थिएटर याच रस्त्यावर होतं. आता अख्खा रस्ता वायरी, राउटर, सीसीटीव्ही आणि हातगाडीवरून जाणाऱ्या प्रिंटरांचा. दुकानं एवढी अरुंद, की गिऱ्हाइकाने वळायचं ठरवलं तर मालकाला उठावं लागतं.

मी गेलो त्या दुकानात काउंटरच्या मागे एक तरुण मुलगा, कानात इअरफोन, हातात कॅल्क्युलेटर. शेजारी कॉलेजातलं एक पोरगं उभं होतं, यादीबिदी काही नाही, तोंडपाठ बोलत होतं. मी माझा कागद पुढे केला. दुकानदाराने झरझर भाव लिहिले आणि प्रोसेसरवर पेन थांबवलं.

"अंकल, एफ वाला ले लो ना. सेम चीज है, ढाई हजार कम."

"सेम?"

"सेम टू सेम. खाली ग्राफिक नहीं है अंदर. कार्ड तो होगा ना आपके पास?"

प्रश्न सरळ होता आणि त्याने तो नीट विचारला होता, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. पण त्या क्षणी ते कॉलेजातलं पोरगं माझ्या कागदाकडे बघत होतं. एवढा थोरला पॉवर सप्लाय, एवढी रॅम, आणि कार्ड नाही? मला ते त्याच्यासमोर म्हणवेना. शिवाय 'एफ' ओळखीचा होता; ओंकारच्या यादीत आय-३लाही एफच होता. अडीच हजारांचा तर प्रश्न होता.

"है ना," मी म्हणालो. "कार्ड की क्या बात है."

वाचलेल्या अडीच हजारांत एनव्हीएमई ५०० जीबीची एक टीबी केली. बिल ४९,५००च. जीएसटीसकट, पक्कं.

कॅबिनेटचा खोका घेऊन लोकलने परत येणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. ग्रँट रोडहून दादर, दादरला पूल, पुलावरून सेंट्रलला. लगेजच्या डब्यात मी खोक्यावर हात ठेवून उभा होतो. ठाण्याला चढलेल्या एका बाईंनी त्यावर भाजीची टोपली टेकवली, आणि खोक्यावर काच फुटल्याचं चिन्ह दाखवल्यावर "मी कुठे बसतेय त्याच्यावर?" म्हणाल्या. ते खरंच होतं.

जोडणी रविवारी, जेवणाच्या टेबलावर. सगळ्यात आधी प्रोसेसर. इंटेलच्या या सॉकेटात केसाएवढ्या बारीक १७०० तारा उभ्या असतात. त्यांच्यावर प्रोसेसर नुसता ठेवायचा आणि बाजूची दांडी दाबून अडकवायची. दांडी दाबताना कर्र असा आवाज येतो. तो यायलाच हवा असं व्हिडिओत सांगतात, तरी साडेबारा हजारांची वस्तू कर्र करते तेव्हा बोटं आपोआप सैल पडतात. मी तीनदा सैल सोडली. मग कूलर. त्याला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. समोरासमोरच्या दोन दाबल्या की उरलेल्या दोन वर येतात. त्या दाबल्या की पहिल्या. ही आली, ती गेली, असं चालू असताना शेजारचे जोशी काका येऊन बसले आणि त्यांनी "गीझर का?" असं विचारलं.

बोर्ड कॅबिनेटात बसवून नऊ स्क्रू आवळल्यावर मागची पत्र्याची पट्टी टेबलावर तशीच दिसली. ती बोर्डाच्या आधी लावायची असते. स्क्रू परत काढले. शेवटी राहिल्या बटणाच्या वायरी. पॉवर स्विच, रिसेट, हार्डडिस्कचा दिवा, अधिक, उणे. वाटाण्याएवढी टोकं, त्याहून बारीक अक्षरं, आणि माझा चष्मा बायफोकल. हिने टॉर्च धरला. टॉर्च धरणाऱ्या माणसाला सगळं आधीच दिसत असतं, त्यामुळे आमच्यात तेवढ्यापुरतं काही बोलणं झालं.

संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले. चारही पंख्यांतून जांभळा, मग निळा, मग पोपटी उजेड आला आणि भिंतीवरून छतावर गेला. रॅमच्या स्टिकही चमकल्या. मी अक्षरशः टाळी वाजवली. मॉनिटरवर पांढऱ्या चौकोनात लिहून आलं, 'नो सिग्नल'.

एचडीएमआयची केबल उलटी-सुलटी लावून बघितली. रॅम काढून खोडरबराने घासून परत लावली. हा उपाय आमच्या बँकेतला मेन्टेनन्सवाला सगळ्या रोगांवर करतो. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन सुरू होताना ते एकेक लागून विझतात, आणि जिथे गाडं अडेल तिथला लागून राहतो. माझ्याकडे व्हीजीएचा पांढरा दिवा रात्रभर लागलेला होता. यंत्र आपल्या परीने स्वच्छ सांगत होतं. मला वाटलं, हाही आरजीबीतलाच.

ही स्वयंपाकघरातून आली, पोपटी होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, दिवसभर खपून काय उजेड पाडलात?" प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडावरच पडलेलं होतं.

मग ओंकारला व्हिडिओ कॉल.

"मामा, केबल मदरबोर्डला का लावलीय? ग्राफिक कार्डला लावा."

"कार्ड दिवाळीला घेणार आहे."

"बरं. मग प्रोसेसर एफ नाहीये ना?"

"तूच सांगितला होतास ना एफ."

पलीकडे हॉस्टेलच्या खोलीत आणखी दोन मुलं असावीत, कारण हसणं एकाच दिशेने येत नव्हतं. मग त्याने समजावलं. एफ म्हणजे पोटातलं ग्राफिक्स बंद. त्याच्या यादीत कार्ड होतं म्हणून तिथे एफ चालत होता. कार्ड नाही आणि एफ, म्हणजे या मशीनला चित्र काढणारा कोणी नाहीच. "बाकी सगळं चालू असेल, मामा. आत हिशेब चाललेच असतील. फक्त तुम्हाला दिसणार नाहीत." आमच्या वार्षिक सभेतही सभासदांचा हाच आक्षेप असतो.

चार दिवसांवर गणपती. टेबल रिकामं करायचं होतं, म्हणून कॅबिनेट मखराच्या शेजारी सरकवला. आणि मग लाइटच्या माळा आणायच्याच नाहीत असं हिने ठरवलं. आमचा पाच दिवसांचा गणपती त्या वर्षी १२व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या उजेडात बसला. लोकांनी फार कौतुक केलं. "थर्माकोल नाही, माळा नाही, इको-फ्रेंडली का?" असं विचारत होते. एका आजोबांनी आरतीनंतर त्यालाही नमस्कार केला. जोशी काकांनी "गीझर बरा झाला" म्हणून सांगितलं. गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय तेव्हा पहिल्यांदा कामी आला. पाच दिवसांत बिल फारसं वाढलं नाही.

विसर्जनानंतर मी वाढीव मंजुरीसाठी हिच्यापुढे बसलो. इतकी वर्षं मी घरी येऊन ऑफिसातल्या गमती सांगतो. त्या तिने किती लक्षपूर्वक ऐकल्यात हे तेव्हा कळलं.

"मूळ प्रस्तावात हा खर्च का दाखवला नव्हता?"

"टप्प्याटप्प्याने..."

"पहिल्या टप्प्याचा विनियोग दाखवा."

मी पंख्यांकडे बोट दाखवलं. सात हजार मंजूर झाले. त्यावर एक रुपया नाही.

सात हजारांत तेव्हा नवं, खेळण्यालायक कार्ड मिळत नव्हतं. जुन्या बाजारात मात्र ढीग पडलेला होता. इथेरियम हे आभासी चलन आधी ग्राफिक कार्डांवर 'खणून' काढत. १५ सप्टेंबर २०२२ला त्यांनी पद्धतच बदलली आणि खाणकाम करणारी सगळी कार्डं एका रात्रीत बेकार झाली. त्यांतलं एक आरएक्स ५८० मी आणलं. त्याने आयुष्यभर, बहुधा रात्रपाळी धरून, कुणासाठी तरी नाणी खणलेली होती. पंख्याला खरखर होती. पण बटण दाबलं आणि चित्र आलं! ओंकारने सगळ्या पार्टांची फेरयादी बघितली. ही आता पाठ्यपुस्तकातली बॉटलनेक आहे म्हणाला: सहा कोअर, ३२ जीबी, ७५० वॉट, सगळे एका म्हाताऱ्या कार्डाकडे तोंड करून वाट बघत बसलेले.

जीटीए-५ लावला. २०१५ला कॉम्प्युटरवर आलेला खेळ, म्हाताऱ्याला झेपतो. लॉस सँटोस शहरात गाडी पळवायची, पोलिसांना गुंगारा द्यायचा, बँका लुटायच्या. मी लाल सिग्नलला थांबतो. मागचे हॉर्न देतात, एक-दोघं उतरून मारायलाही येतात. बँक लुटण्याच्या मोहिमेशी मी अजून पोचलेलो नाही. मन घेत नाही.

या गोष्टीला दोनेक वर्षं झाली. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा उचलला, की साध्या रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. सगळीकडे बोंबाबोंब. आमच्या घरी चार स्टिक, त्यातल्या दोन केवळ काचेतून बऱ्या दिसाव्यात म्हणून घेतलेल्या.

परवा ओंकारचा मेसेज आला. "मामा, तुम्हाला ३२ जीबी लागते का हो? माझ्या बिल्डला १६ कमी पडतेय. जुन्या भावात दिलीत तर..."

मी हिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "घरचा आहे म्हणून लगेच होय म्हणू नका."

मी ओंकारला लिहिलं, अर्ज कर. सोबत तीन दुकानांची कोटेशनं जोड, आणि कॅबिनेटला काच आहे का ते कळव.